कान वाजत असताना पेटी कशी वाजवावी

शिकवणीची पोरं मला मास्तर म्हणतात, भजनातली माणसं पेटीमामा. माझ्या डाव्या कानात बारा महिने एक बारीक सूर चालू असतो, हे दोघांनाही माहीत आहे. उमेदीच्या काळात बेंजोच्या ट्रॉलीवर कीबोर्ड वाजवला, पाठीशी जनरेटर आणि डोक्यावर कर्णे. आता बेळगावच्या शहापुरात घरी शिकवणी आणि एकादशीला भजनाची पेटी, एवढंच. पण बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ निघाले किंवा गणपती बुडाले की त्या आठवड्यात कोणीतरी दारात येतोच. "मास्तर, कानात कुईं वाजायलंय बघा. वाजवणं सोडू काय?"

सोडू नका. पण आजवर वाजवलात तसं पुढे वाजवूही नका. या दोन्हींच्या मधे काय करायचं, ते सांगतो.

कान कालच वाजायला लागला असेल तर दोन दिवस शांत राहा. शांत म्हणजे कानात बोळे कोंबून अंधारात पडणं नव्हे. रियाज नको, हेडफोन नको, हळदी समारंभातली डॉल्बी नको. मोठ्या आवाजानंतर कान दडपल्यासारखे होतात आणि वाजतात. बहुतेक वेळा ते एक-दोन दिवसांत उतरतं. उतरलं म्हणजे काही झालंच नाही असं मात्र धरू नका. दर मिरवणुकीनंतर असं होत असेल तर एका वर्षी ते उतरणार नाही. या दोन दिवसांत लसणीचं गरम तेल, काडेपेटीची काडी आणि बसस्टँडवरचा कान साफ करणारा, तिघांनाही लांब ठेवा.

काही लक्षणांना थांबायला वेळ नसतो. एका कानाचं ऐकू येणं एकाएकी कमी झालं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. त्यावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तरच त्याचा खरा उपयोग. दोन आठवडे उलटले की संधी बरीचशी गेलेली असते. "सर्दीनं कान बसलाय" म्हणत आठवडा काढणारे मी पाहिलेत. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, एकाच कानात सतत वाजत असेल किंवा सोबत गरगरत असेल, तरीही तपासून घ्या.

बाकीच्यांनी सवडीनं का होईना, पण एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावीच. बेळगावात बिम्स आणि केएलई या दोन्ही इस्पितळांत कान-नाक-घशाचा विभाग आहे. आधी कानात मळ आहे का ते बघतात. कधी कधी नुसत्या मळानंही कान वाजतो. मग बंद खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. हातात येतो तो एक आलेख. सीमाभागात कागद कुठल्या भाषेत मिळतो यावर आपण पुष्कळ भांडलोय, पण हा कागद कुठल्याच भाषेतला नाही. सुराची उंची हर्ट्झमध्ये मोजतात. मोठ्या आवाजानं खराब झालेल्या कानाची रेघ ४००० हर्ट्झच्या आसपास खाली खचते आणि ८००० कडे पुन्हा थोडी वर येते. तो खड्डा आहे का आणि किती खोल, ते डॉक्टरला विचारा. कागद जपून ठेवा, दर वर्षी नवा काढून जुन्याशेजारी ठेवून बघा.

आता हे होतं कशानं? आतल्या कानात, शंखात, साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच, मेलेली पुन्हा उगवत नाही. उंच सुरांच्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात आणि मार आधी त्यांनाच बसतो. माइककडून सिग्नल कमी यायला लागला की साउंडवाला मिक्सरवर गेन वाढवतो आणि मग स्पीकरमधून नुसती सीं सीं यायला लागते ना, मेंदूही तेच करतो. म्हणजे तुम्हाला ऐकू येतंय ते बाहेरचं नाही आणि कानात काही अडकलेलंही नाही.

माझ्याकडे आलेल्या प्रत्येक वाजवणाऱ्याची खरी भीती वेगळीच असते, ती म्हणजे आपण बेसूर होऊ ही. माझा सूर मी एकदा फोनवरच्या टोन जनरेटरनं शोधला. तो ६००० हर्ट्झच्या जवळपास निघाला, म्हणजे पेटीची शेवटची पट्टीही त्याच्या बरीच खाली राहते. काळी एक असो की पांढरी पाच, त्या सुराशी भांडण होतच नाही. तुमचाही असाच एकदा शोधा आणि विषय संपवा. रोज उठून "आज वाढलाय का" हे बघत बसू नका. जितकं बघाल तितका तो मोठा होत जातो. एक खबरदारी मात्र घ्या. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तबला लावायला बसू नका. थकलेल्या कानांना सूर नेमका कळत नाही, कधी दोन्ही कानांना तोच सूर किंचित वेगळा लागतो. ते काम दुसऱ्याकडे द्या.

मिनिटांचा हिशेब

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्या लोकांना आवाज "मोठा" की "बारका" एवढंच कळतं. कानाला आवाज आणि वेळ दोन्ही लागतात. कामाच्या जागेसाठी सुरक्षित धरलेली मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. बेंजोच्या ट्रॉलीवर, ताशाच्या शेजारी किंवा डॉल्बीसमोर शंभर सहज ओलांडतो. आणि आपली विसर्जन मिरवणूक संध्याकाळी निघते ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपिलेश्वर तलावाकडे सरकतच असते. पंधरा मिनिटं तर पहिल्या चौकातच संपतात.

फोनवर डेसिबल मोजायचं ॲप टाका. आकडा अगदी अचूक नसतो, पण ८० आणि १०० यातला फरक तो दाखवतो. ॲप नसलं तर सोपी खूण म्हणजे, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानाचं मीटर पळतंय.

उघड्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. गल्लीत हे गणित चालत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात आणि डॉल्बीच्या भिंतीसमोर चार पावलं मागे सरकून फारसं काही होत नाही. तिथे कानात काहीतरी घालायलाच हवं.

कानात काय घालायचं

कापूस नको. त्यानं आवाज नावापुरताच अडतो आणि माणूस निर्धास्त होतो.

मेडिकलात मिळणारे फोमचे इयरप्लग स्वस्त आणि चांगले, पण दहातले नऊ जण ते नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवतात. नीट घालायची रीत अशी. हात धुवा. प्लग बोटांत वळून वळून वातीसारखा बारीक करा, सुरकुती राहू देऊ नका. डाव्या कानात घालताना उजवा हात डोक्यावरून मागून आणून डाव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढा; त्यानं कानाची वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि बोटानं दाबून अर्धा मिनिट धरा. तो आत फुगतो. मग "हरी विठ्ठल" म्हणून बघा. स्वतःचा आवाज घागरीतून आल्यासारखा घुमला तर प्लग बसलाय. समोरून बघणाऱ्याला अर्धा प्लग बाहेर दिसत असेल तर काढा आणि परत घाला.

फोममध्ये एक खोट आहे. तो उंच सूर जास्त खातो आणि खर्ज कमी. ढोल-ताशावाल्याला ते चालतं. पेटीवाल्याला, गायकाला सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं आणि पाचव्या मिनिटाला तो प्लग काढून खिशात टाकतो. त्यांच्यासाठी संगीतकारांचे फिल्टरवाले प्लग असतात, सगळे सूर साधारण सारखेच खाली आणणारे. एटिमोटिकसारख्या कंपनीचे तयार मापातले ऑनलाइन मिळतात. ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, कानाचा साचा काढूनही करून घेता येतात. कानात मऊ लगदा भरतात, तो काही मिनिटांत घट्ट होतो आणि त्यावरून प्लग बनतो. त्यात ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर बसतो. भजनाला १५ पुरतो, मिरवणुकीला २५ घ्या. गाणाऱ्यानं साचा खोलवर घ्यायला सांगावं, म्हणजे स्वतःचा आवाज डोक्यात कमी घुमतो. पहिल्यांदाच कार्यक्रमात घालू नका, आठवडाभर घरी पेटीवर घालून बसा.

प्लग घरात, बाजारात, दिवसभर घालून फिरणारेही असतात. ते उलट अंगाशी येतं. कान आणखी हळवा होतो, भांडं पडलं तरी दचकायला होतं. जिथे मिनिटांचा हिशेब लागतो तिथेच घाला.

भजनात बसायचं कुठे

डॉल्बीला सगळेच शिव्या देतात, पण देवळातल्या टाळांकडे कोणाचं लक्ष नाही. येळ्ळूर, उचगाव किंवा खानापूरकडच्या गावांत पारायणाला गेलो की लहानसं देऊळ, खाली फरशी, वर स्लॅब, आणि पेटीवाल्याच्या मागे उभे टाळकरी. त्यांचे हात नेमके आपल्या कानाच्या उंचीला येतात. गजराची लय चढली की ते पितळ थेट कानातच वाजतं. मी आता आधीच जाऊन पेटी भिंतीकडे आडवी लावतो आणि मागच्या बुवांना म्हणतो, "तात्या, दोन हात मागं सरा की वो, सूर ऐकू येईना." कान दुखतो म्हटलं तर हसतात, सूर ऐकू येत नाही म्हटलं की सरकतात. खाली सतरंजी दुहेरी घालायला सांगा, भिंतीला जाड पडदा मिळाला तर उत्तम.

स्टेजवर मॉनिटर, म्हणजे आपलं वाजवणं आपल्याला ऐकवणारा स्पीकर, जमिनीवर, तोंड तुमच्याकडे आणि तुमच्याजवळ हवा. लांब ठेवला की आवाज वाढवायला लागतो. इयरफोनवर मॉनिटर घेणार असाल तर दोन्ही कानांत घाला. एक उघडा ठेवला की बंद कानाचा आवाज आपोआप वाढवला जातो, आणि उघड्या कानाला स्टेजचा मार असतोच.

रात्रीचं काय

दिवसा गडबडीत विसर पडतो. दिवे मालवले की तो सूर उशीशी येऊन बसतो. संपूर्ण शांतता नको. पंखा पुरतो काहींना. पावसाळ्यात कौलांवर पाऊस असला तर मला काहीच लागत नाही. बाकीच्या महिन्यांसाठी मी भर पावसात गोकाकचा धबधबा फोनवर भरून आणलाय. घटप्रभेचं पाणी १७० फुटांवरून पडतं, त्या आवाजात खर्जापासून उंचापर्यंत सगळं असतं. तो लावायचा, पण कानातल्या सुरापेक्षा किंचित खाली. सूर बुडवून टाकायचा नाही, दोन्ही एकत्र ऐकू आले पाहिजेत. तसं केलं तर मेंदू त्या सुराकडे हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो. याला महिने लागतात. दिवसा मी शिकवणीच्या खोलीत तानपुरा मंद चालू ठेवतो, त्याचंही हेच काम. इअरफोन लावून झोपू नका.

गोळी नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय की यावर जिंको ही वनस्पती, झिंक, मेलाटोनिन देऊ नये. तरी "कर्णनादावर शंभर टक्के" असं लिहिलेली बाटली विकणारे असतातच. ते पैसे प्लगला घाला. झोप उडाली, मन खचलं, तर समुपदेशन घ्या. विचारांवर काम करणाऱ्या सीबीटी उपचारानं सूर जात नाही, त्रास कमी होतो, आणि एवढं खात्रीनं म्हणता येईल असे उपचार फार नाहीत. जवळ सोय नसेल तर मैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. ऐकूही कमी येत असेल तर कानाचं मशीन लावायची लाज बाळगू नका. बाहेरचं नीट ऐकू आलं की आतलं बरंच मागे पडतं.

इस्पितळात कधी दाखल झालात तर आधी सांगा की कान वाजतो. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं आणि कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन कानाला बाधू शकतात. डॉक्टरांना ठाऊक असतंच, पण तुम्ही वाजवणारे आहात हे त्यांना माहीत नसतं. स्वतःहून औषध बंद करू नका.

आता पथकांसाठी. चतुर्थीच्या आधी मंडळाची बैठक बसते, त्यात डिझेल, नाष्टा आणि टी-शर्टचा खर्च लिहितात. त्याखाली प्लगचं खोकं लिहा. टी-शर्टची मापं घेतानाच प्रत्येकाला प्लग घालायला लावून बघा. मुलींना आणि पोरांना मोठा फोम बसत नाही, त्यांच्यासाठी लहान मापाचे वेगळे मागवा. ट्रॉलीवर हौसेनं चढवलेल्या लेकरांच्या कानांवर बाहेरून बसणारे मफ लावा, किंवा त्यांना खाली उतरवा.