सामाईक अवयव काढताना कंसात १ का उरतो

सेमी-इंग्लिशच्या वर्गांत सामाईक अवयव काढण्याला सरसकट ‘कॉमन काढणं’ म्हणतात. पण ‘सामाईक’ हा शब्द पुणेकराला लगेच उमगतो. पेठेतल्या वाड्यातला सामाईक नळ प्रत्येक बिऱ्हाडाचा असतो. एकाचा जरी हक्क नसला, तरी तो सामाईक नव्हे. बैजिक राशीत पद, म्हणजे + किंवा − ने जोडलेला प्रत्येक तुकडा, हे बिऱ्हाड. या राशीतून सामाईक अवयव काढू:

१२अ³ब² + १८अ²ब − ६अ²

आधी नुसते आकडे पाहा: १२, १८ आणि ६ यांचा मसावि (सर्वांत मोठा सामाईक विभाजक) ६. मग अक्षरं. अ तिन्ही पदांत आहे. त्याचा सर्वांत लहान घातांक २, म्हणून अ² घ्या. अ³ घेतलात तर शेवटच्या दोन पदांना त्याने भाग जाणार नाही. ब तिसऱ्या पदात नाहीच, तेव्हा तो आतच राहील. बाहेर आलं ६अ². आता प्रत्येक पदाला ६अ² ने भागा:

६अ²(२अब² + ३ब − १)

गाडी अडते ती त्या शेवटच्या १ पाशी. ‘६अ² बाहेर गेलं, मग आत काही उरलं नाही’ असं वाटून मुलं ते पद गाळतात किंवा ० लिहितात. इथे वजाबाकी नाही, भागाकार चाललाय. ६अ² ला ६अ² नेच भागलं की १ येतो. मूळ राशीत तीन पदं असतील तर कंसातही तीनच हवीत, एवढं मोजलं तरी चूक सापडते.

किंमत घालूनही पडताळा घ्या. अ = १, ब = २ धरलं तर मूळ राशी ४८ + ३६ − ६ = ७८ आणि उत्तर ६ × १३ = ७८. मात्र २अ²(६अब² + ९ब − ३) या अर्धवट उत्तराचीही किंमत ७८ च येते! म्हणून कंसात अजून काही सामाईक उरलंय का, ते वेगळं बघावं लागतं. इथे ३ राहिला होता.

चार पदं असली आणि सगळ्यांत मिळून काहीच सामाईक नसलं, तर जोड्या लावून पाहा:

अब + ३अ − २ब − ६
= अ(ब + ३) − २(ब + ३)
= (ब + ३)(अ − २)

दुसऱ्या ओळीत −२ बाहेर काढताना −६ चं +३ होतं. तिथे (ब − ३) लिहिलंत तर दोन कंस जुळत नाहीत आणि गणित तिथेच थांबतं. कंस जुळले नाहीत की आधी चिन्ह तपासा, जोड्या नंतर बदला.