चॅट ॲप टेस्टिंगला घेण्याआधी

नवं बिल्ड, म्हणजे तपासायची ॲपची नवी आवृत्ती, यायच्या आदल्या दिवशीच टेबलावर तीन फोन मांडून ठेवा. दोन फोनांवर मेसेज येतो-जातो एवढंच कळतं. तिसरा लागतो ग्रुपसाठी, आणि मेसेज टाइप करत असतानाच त्याला ग्रुपमधून काढून टाकायला. एखादा जुना, स्टोरेज भरत आलेला असू द्या. एक अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा हवाच, कारण तिथे नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते आणि लोक ती सर्रास नाकारतात. रात्रभर पडून राहिलेल्या फोनवर सकाळी मेसेज वेळेवर येतो का, हे बघायचं असेल तर तो चार्जरवरून काढून ठेवा. चार्जिंगला लावलेला फोन डोझमध्ये (अँड्रॉइडच्या बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत) जातच नाही, मग बग दिसणार कुठून?

ऑफिसच्या वायफायवर सगळंच सुरळीत चालतं, त्यात फार वेळ घालवू नका. खरी तयारी नेटवर्क तोडायची. मेसेज सर्व्हरला मिळाला, पण त्याची पोच परत येईपर्यंत लिफ्टचं दार बंद झालं, असं धरा. ॲपच्या लेखी मेसेज गेलेलाच नाही. ते पुन्हा पाठवतं आणि समोरच्याला ‘पाचशे पाठव’ दोनदा दिसतं. फ्लाइट मोड लावून ही नेमकी वेळ साधणं म्हणजे नशिबाचा खेळ. त्यापेक्षा फोन आणि सर्व्हरच्या मध्ये प्रॉक्सी (दोघांमधली ये-जा अडवू शकणारा मध्यस्थ प्रोग्रॅम) बसवून फक्त सर्व्हरचं उत्तर अडवायची सोय डेव्हलपरकडून आधीच करून घ्या. मेसेजला आयडी फोनवरच मिळतो का, आणि तोच आयडी पुन्हा आला तर सर्व्हर दुसरी नोंद टाळतो का, हेही विचारून ठेवा. उत्तर ‘नाही’ असेल तर बाकीच्या टेस्ट केस उघडूच नका. आधी ते होऊ दे.

एका फोनचं घड्याळ दहा मिनिटं मागे करा आणि त्यावरून एका प्रश्नाला उत्तर पाठवा. उत्तर प्रश्नाच्या वर दिसलं, तर मेसेजचा क्रम फोनच्या वेळेवर लावलाय.

टेस्ट डेटात ‘हाय, हॅलो, टेस्ट १२३’ नको. मराठी मजकूर भरा, जोडाक्षरांसकट. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण आत सहा कोड पॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, १८ बाइट. नोटिफिकेशनचा प्रिव्ह्यू बाइट मोजून कापला असेल, तर शेवटी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह उमटतं. ‘दुसऱ्या’ दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाइप करून शोधून बघा. हा ऱ्या आत एकाहून जास्त प्रकारे लिहिला जातो, त्यामुळे डोळ्यांसमोरचा मेसेज सर्चला सापडत नाही. इमोजी तर पाठवाच. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना ‘यूटीएफ८’ एका चिन्हाला तीन बाइटांपर्यंतच जातो, बहुतेक इमोजींना चार लागतात. डेटाबेसची टेबलं चार बाइट घेणाऱ्या यूटीएफ८एमबी४ वर आहेत का ते आधी बघून घ्या.

पुश नोटिफिकेशनच्या कीज (सर्व्हरला नोटिफिकेशन पाठवू देणाऱ्या गुप्त किल्ल्या) टेस्टिंगसाठी वेगळ्या आहेत ना, हे स्वतः उघडून पाहा, कुणाच्या शब्दावर जाऊ नका. नाहीतर तुमचं ‘अबकड’ खऱ्या ग्राहकांच्या फोनवर वाजेल.

बग टाकताना मेसेजचा आयडी, सर्व्हरची वेळ आणि दोन्ही बाजूंचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडायचं, हे टीममध्ये आधीच ठरवा. ‘मेसेज कधीकधी जात नाही’ एवढंच लिहिलेला बग ‘माझ्याकडे चालतंय’ असं लिहून परत येतो. टेस्ट सर्व्हर रीस्टार्ट करायची परवानगीही मागून ठेवा: तो उठल्यावर सगळे फोन एकाच क्षणी कनेक्ट व्हायला धावतात की थोडे मागे-पुढे येतात, ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, बघायचंय.