डिस्क ब्रेकसाठी पुढचे स्टब बदलताय? या चुका टाळा

जुन्या अ‍ॅम्बेसेडरला, पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक बसवायची हौस सोलापुरात वाढली आहे, आणि मला ती मनापासून आवडते. जुन्या ब्रेकचा ड्रम तापला की ब्रेक कमी लागतो. भर उन्हाळ्यात तुळजापूरचा घाट उतरताना ते पायाला लगेच कळतं. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी अर्धवट झालेलं काम माझ्याकडे घेऊन येतं, आणि चुका त्याच असतात.

पुढचं चाक ज्या भागावर बसतं, ज्याला आपण स्टब अ‍ॅक्सल म्हणतो, त्यालाच अमेरिकेत स्पिंडल म्हणतात. तिकडे १९६०च्या दशकातल्या मस्टँगला १९७५ ते १९८०च्या फोर्ड ग्रॅनडाचे स्पिंडल घालतात. इकडे जुन्या अ‍ॅम्बेसेडरला नंतरच्या डिस्कवाल्या अ‍ॅम्बेसेडरचा स्टब शोधतात. दोन्हीकडे घोटाळा एकच. लोक याला ब्रेकचं काम समजतात. पण स्टबवर चाकाचं बेअरिंग असतं, स्टिअरिंगचा आर्म असतो, सस्पेन्शनचे जोड असतात. म्हणजे स्टब बदलला की गाडीचं वळणंही बदललं.

गेल्या उन्हाळ्यात विजापूर रोडवरचा एक पोरगा वडिलांची गाडी घेऊन आला. "काका, ब्रेक मस्त लागतोय, पण साठच्या पुढे गाडी आपोआप डावीकडे सरकते." जॅक लावला, चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, तर आत टक-टक. नट आवळलेला, स्प्लिट पिन जागेवर. जोड उघडला तर टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याच्या, पिनीभोवती तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला निघाला. पिन नव्या स्टबच्या भोकात सैल बसत होती, म्हणून कुणा फिटरने हा उपाय काढला होता. पत्रा एका बाजूने कागदासारखा झिजला होता. याच गाडीतून तो आईला तुळजापूरला नेऊन आला होता. मी काही बोललो नाही, पत्रा फक्त त्याच्या हातावर ठेवला.

पिनीचा टेपर, म्हणजे निमुळतेपणा, कुणाचा एकास दहा, कुणाचा एकास आठ. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी पिनीला निळं मार्किंग लावतो, भोकात दाबून किंचित फिरवतो आणि बाहेर काढतो. आत सगळीकडे निळं उमटलं तर बसलं. नुसती कडेला रिंग उमटली तर टेपर वेगळा आहे. मग जुळणारा टाय रॉड एंड शोधा, वेळ लागला तर लागू द्या. पत्रा नाही, वेल्डिंग नाही, ड्रिलने भोक मोठं करणं तर अजिबात नाही.

टेपर जुळला तरी आर्मची उंची बघा. ती बदलली की खड्ड्यात चाक वर-खाली होताना टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती आहे ते, बदलतो आणि गाडी स्वतःहून वळते. स्प्रिंगचा भार काढून चाक जॅकने हळूहळू उचला आणि डिस्कला लांब सरळ पट्टी बांधून तिचं टोक कुठे सरकतं ते पाहा. अर्धा तास जातो. तेवढाही धीर नसेल तर हे काम अंगावर घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसणं. एका गृहस्थांनी चार बाटल्या ब्रेक ऑइल ओतलं, पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर दोनदा बदलला, तरी पेडल स्पंजासारखं. हवा काढायचं निपल खाली होतं. हवा वर जाते, निपल खाली असेल तर ती निघणार कुठून? कॅलिपरची अदलाबदल केली आणि अर्ध्या तासात पेडल घट्ट झालं. मी सगळे भाग जुन्या सोलापुरी चादरीवर मांडतो, डावे डाव्या कडेला, उजवे उजव्या. वीस वर्षांची सवय आहे, मोडणार नाही.

ड्रमचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवू नका. बहुतेकांत ब्रेक सोडल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो लागतो, पण डिस्कचे पॅड त्याने घासत राहतात. दोन किलोमीटर फिरून रिमजवळ हात न्या, किती तापलंय ते कळेल.

बेअरिंगचा नट हब फिरवत आवळायचा, मग सैल करून हाताने बसवायचा. स्प्लिट पिन नवीनच. जुनी सरळ करून घालणाऱ्यांचा मला राग येतो.

ब्रेकची रबरी नळी (होज) बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. ताण येता कामा नये.

रिम कॅलिपरला घासते म्हणून रिम बाहेर सरकवणाऱ्या स्वस्तातल्या चकत्या (स्पेसर) घालू नका, रिम बदला.

नव्या डिस्कवरचं तेल पुसा. पॅड बसेपर्यंत पंचवीस-तीस वेळा हलका ब्रेक मारायचा, मध्ये डिस्क थंड होऊ द्यायची. त्यासाठी मी पहाटे होटगी रोडला जातो, तेव्हा मागे कुणी नसतं. शंभर किलोमीटर झाले की गाडी परत जॅकवर घ्या आणि कॅलिपरच्या प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा.