मंगळाच्या फोटोत काहीतरी विचित्र दिसलं, तर त्याचा छडा कसा लावाल?

क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या मंगळावर फिरणाऱ्या रोव्हरांनी, म्हणजे चाकांच्या यंत्रगाड्यांनी, पाठवलेले मूळ फोटो नासा सगळ्यांसाठी खुले ठेवते. त्यामुळे एखादा विचित्र दगड पाहून "हे काय आहे?" असा प्रश्न घरबसल्या कुणालाही पडू शकतो. उत्तर शोधायला मोठी उपकरणं लागत नाहीत, पण क्रम पाळावा लागतो. आधी कॅमेऱ्यावर संशय घ्या, मग रोव्हरवर, मग उन्हावर आणि सगळ्यात शेवटी दगडाकडे वळा. बहुतेक जण थेट दगडापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

सर्वांत आधी मूळ फोटो गाठा. तुमच्यापर्यंत पोहोचलेला तुकडा बहुधा कापलेला, मोठा केलेला आणि रंग भडक केलेला असतो. मूळ फोटोसोबत कॅमेऱ्याचं नाव आणि सोल दिलेला असतो. सोल म्हणजे मंगळावरचा दिवस, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. दोन्ही गोष्टी लिहून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला त्या लागतील. फोटो जेपेग असेल तर तो ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलेला असतो. फार मोठा केला की त्या चौकोनांच्या कडा दिसू लागतात आणि नसलेल्या सरळ भिंती नि काटकोन उभे राहतात. आकार फक्त मोठा केल्यावरच "दिसत" असेल, तर शोध इथेच थांबवा.

दुसरी पायरी माझ्या मते सगळ्यांत मोलाची आहे: जोडीचा फोटो शोधा. क्युरिऑसिटीच्या मानेवरचे नॅव्हकॅम, म्हणजे वाट शोधायचे कॅमेरे, डाव्या-उजव्या डोळ्यांसारखे जोडीने काम करतात. डाव्याच्या फाइलचं नाव 'एनएल'ने सुरू होतं, उजव्याचं 'एनआर'ने. एप्रिल २०१४ मध्ये उजव्या नॅव्हकॅमच्या फोटोत क्षितिजाजवळ एक झगझगीत ठिपका दिसला आणि मंगळावर कुणीतरी दिवा लावल्याची चर्चा जगभर झाली. त्याच क्षणी टिपलेल्या डाव्या फोटोत मात्र तिथे काहीच नव्हतं. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमधला एखादा कण कॅमेऱ्याच्या संवेदकावर आदळला की असे पांढरे ठिपके किंवा रेघा उमटतात. एखाद्या खडकावरून ऊन चमकून एकाच डोळ्याला दिसलं असण्याचीही शक्यता तेव्हा मांडली गेली. काहीही असलं, तरी एकाच डोळ्याला दिसलेल्या गोष्टीवर इमले बांधू नयेत.

दोन्ही डोळ्यांना दिसत असेल तर अंतर मोजा. हे वाटतं त्याहून सोपं आहे. या दोन कॅमेऱ्यांमध्ये सुमारे ४२.४ सेंटिमीटर अंतर आहे आणि पूर्ण आकाराच्या फोटोत एक पिक्सेल ०.८२ मिलिरेडियनचा (हे कोन मोजायचं छोटं एकक) असतो. दूरचं क्षितिज दोन्ही फोटोंत जुळवा आणि तुमची वस्तू किती पिक्सेल सरकली ते मोजा. ५१७ ला त्या आकड्याने भागलं की मीटरमध्ये अंदाजे अंतर मिळतं. समजा वस्तू २६ पिक्सेल सरकली, तर ती साधारण २० मीटरवर आहे. त्या अंतरावर एक पिक्सेल म्हणजे सुमारे १.६ सेंटिमीटर. वस्तू १५ पिक्सेल रुंद दिसत असेल तर तिची खरी रुंदी निघाली जेमतेम २५ सेंटिमीटर. लहान करून पाठवलेल्या फोटोला मात्र हा हिशोब तसाच लावू नका.

आकार कळला की निम्मी कोडी आपोआप सुटतात. मे २०२२ मध्ये क्युरिऑसिटीच्या फोटोतल्या 'दरवाज्या'ने खूप गाजावाजा केला. तो होता सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद, खडकातल्या भेगा एकमेकींना छेदून तयार झालेली खाच. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला चीनच्या युतू-२ रोव्हरला २०२१ च्या अखेरीस क्षितिजावर चौकोनी 'झोपडी' दिसली होती. साधारण ८० मीटर पुढे जाऊन पाहिल्यावर तो छोटासा दगड निघाला.

आता रोव्हरवर संशय घ्या. त्याच जागेचा आधीच्या आणि नंतरच्या सोलचा फोटो शोधा. नासाच्या ऑपॉर्च्युनिटी या जुन्या रोव्हरसमोर सोल ३५४० ला पांढऱ्या कडेचा, मध्ये गडद लाल असा सुमारे ४ सेंटिमीटरचा दगड अवतरला. सोल ३५२८ च्या फोटोत तो नव्हताच. त्याला 'पिनॅकल आयलंड' नाव मिळालं आणि तो कुठून आला यावर तऱ्हेतऱ्हेचे तर्क झाले. रोव्हर थोडा पुढे गेल्यावर फुटलेला मूळ दगड सापडला. रोव्हरच्याच चाकाखाली तो फुटला होता आणि तुकडा घरंगळत तिथे पोहोचला होता. रोव्हर आणि त्याला उतरवणारं यान कचराही सोडतात. जून २०२२ मध्ये पर्सिव्हिअरन्सला दगडाच्या बेचक्यात अडकलेला चकचकीत तुकडा दिसला, तो उष्णतारोधक आवरणाचा होता. गुळगुळीत, चमकदार किंवा दोऱ्यासारखं काही दिसलं की आधी हेच आठवा.

उन्हाची परीक्षा झटपट होते. शेजारच्या साध्या दगडाची सावली कुठे पडली आहे ते पाहा. ऊन फोटोच्या खालच्या बाजूने येत असेल तर खड्डे उंचवट्यांसारखे भासतात. फोटो उलटा फिरवून पाहा, भ्रम लगेच तुटतो. वेगळ्या वेळी घेतलेल्या फोटोत डोळे-नाक गायब झाले, तर ते सावल्यांचे होते.

एवढ्यातून जे टिकेल, तेच दगडाचं खरं कोडं, आणि इथून पुढे खरी मजा आहे. मंगळाची हवा विरळ, दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, पण वाऱ्यासोबत उडणाऱ्या वाळूला कोट्यवधी वर्षं मिळाली आहेत. खडकाच्या भेगांत पूर्वी पाण्याने क्षार साठवलेले असतात. भोवतालचा मऊ खडक झिजतो आणि तो कठीण भाग काट्यासारखा, फांदीसारखा उभा राहतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्युरिऑसिटीला दिसलेलं जेमतेम एक सेंटिमीटरचं 'फूल' असंच घडलं होतं. ऑपॉर्च्युनिटीला २००४ मध्ये सापडलेल्या गोळ्याही पाण्यामुळे खडकात तयार झालेल्या हेमॅटाइट या लोहखनिजाच्या गाठी होत्या. म्हणून एकट्या दगडाकडे टक लावून बसू नका, त्याची भावंडं शोधा. त्याच थरात तसेच दहा अर्धवट आकार दिसले, तर घडण्याची पद्धत तेच सांगतात.

तरीही उत्तर मिळालं नाही, तर नोंदीत फक्त दिसलं ते लिहा: सोल, कॅमेरा, अंतर, आकार, रंग, उन्हाची दिशा. 'हाड', 'पुतळा' असे शब्द नकोत, 'लांबट, एका टोकाला जाड' असं लिहा. रोव्हर त्याच भागात असेल तर पुढच्या सोलचे फोटो रोज चाळा, दुसऱ्या कोनातला एक फोटो पुरतो. तो निघून गेला असेल तर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्यावर फार भिस्त ठेवू नका. त्याचा एक पिक्सेल सुमारे २५ ते ३० सेंटिमीटरचा असतो, तळहाताएवढा दगड त्यात दिसणार नाही.