फॉन्ट घेण्याआधी ‘इलिनॉय’ टाइप करून बघा

पोस्टरवर झकास दिसणारा सॅन्स-सेरिफ (अक्षरांच्या टोकांना शेपट्या नसलेला) फॉन्ट बारीक मजकुरात दगा देतो. म्हणून आधी एवढं करा:

१. रोमन लिपीत ‘इलिनॉय’ (Illinois) टाइप करा, पहिलं अक्षर कॅपिटल, आकार ९ पॉइंट. एरियल फॉन्टमध्ये सुरुवातीची तीन अक्षरं म्हणजे तीन सारख्या काठ्या! व्हर्डानात कॅपिटल आयला वर-खाली आडव्या रेघा असतात, त्यामुळे घोळ होत नाही. पासवर्ड, कोड छापायचा असेल तर ही परीक्षा टाळूच नका.
२. शून्य आणि ओ शेजारी ठेवा, वेगळे ओळखू येतात का बघा.
३. रेग्युलर, बोल्ड आणि मधलं एखादं वजन (म्हणजे अक्षरांची जाडी) आहे ना? मग शीर्षकापासून तळटीपेपर्यंत एकाच फॉन्टमध्ये भागतं.

मात्र बोल्डची फाइल नसेल तर काही सॉफ्टवेअर रेग्युलरलाच ओढूनताणून जाड करतात आणि अक्षरांची पोटं बुजतात.