गुहागरात घर घेतलंत? आता दवाखान्याचंही ठरवून ठेवा

दर मोसमात पुण्या-ठाण्याहून एखादं नवं कुटुंब आमच्या तालुक्यात राहायला येतं. निवृत्तीची पुंजी, आंब्या-नारळाची चार झाडं, पडवीत झोपाळा. आल्या आल्या विहिरीच्या पाण्याचं विचारतात, इंटरनेटचं विचारतात, माकडांचं विचारतात. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कुठं न्यायचं, हे कुणी विचारत नाही. आम्हीही असेच शहरातून आलेलो आणि आता इथलेच झालेलो, म्हणून न विचारता सांगतो.

शहरात ‘चांगलं हॉस्पिटल कुठलं?’ एवढा एकच प्रश्न असतो. इथे दोन असतात: तिथे पोचायला किती वेळ लागेल, आणि या वेळी तिथे काय मिळेल? उत्तर दुखण्यागणिक बदलतं. सापाला एक जागा, लकव्याला दुसरी. हे घरात बसून, शांत डोक्याने, आजच ठरवा. आयत्या वेळी सगळे नातेवाईक फोनवरून सल्ले देतात आणि गाडी अंगणातच उभी राहते.

आधी भूगोल. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे, शृंगारतळीला खासगी डॉक्टर मिळतात. मोठं काही झालं की चिपळूण, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. शहरात खासगी हॉस्पिटलं आहेत, कामथ्याला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे. हायवेने पुढे सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, त्याला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. तिथेही भागलं नाही तर रत्नागिरी, किंवा कुंभार्ली घाट चढून कराड. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याला घर घेतलेल्यांची वाट वेगळी: ओरोस, पडवे, नाहीतर घाट चढून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, नाहीतर सरळ गोव्यातलं बांबोळी. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्यांना जानेवारी २०१८ पासून शुल्क लागतं, त्यामुळे ‘गोव्यात सगळं फुकट’ हे जुनं ज्ञान विसरा.

पावसाळ्याचा नकाशा निराळा काढा. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली होती. तशा दिवशी चिपळूण धरून चालता येत नाही. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ आणि पुढे दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, किंवा तवसाळहून जयगड आणि रत्नागिरी, हे रस्ते माहीत हवेत. मात्र फेरीबोट रात्रभर चालत नाही, आणि समुद्र खवळला तर दिवसाही नाही. वेळा जेटीवर जाऊन विचारून या.

आता गाडी. १०८ ही सरकारी रुग्णवाहिका फुकट आहे, २०१४ पासून राज्यभर चालते आणि तिच्यात डॉक्टर असतो. फोन पुण्याच्या केंद्रात लागतो. पलीकडच्या माणसाला तुमची वाडी ठाऊक नसते. ‘बंगला क्रमांक, सोसायटी’ ही शहरी सवय इथे कामाची नाही. तालुका, गाव, वाडी, जवळचं देऊळ किंवा शाळा, कुठल्या फाट्यावरून आत वळायचं, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा. मी मी म्हणणाऱ्या माणसाला त्या वेळी स्वतःच्या गावाचं नाव आठवत नाही. गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर १०२.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. आपली बहुतेक घरं रस्त्याच्या खाली, पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट उतरून. रुग्णवाहिका वर थांबते, पेशंट खाली असतो. स्ट्रेचर जांभ्याच्या पायऱ्यांवर वळत नाही. इथली माणसं अजूनही खुर्चीला दोन बांबू बांधून पेशंट वर काढतात, आणि ते काम चार खांद्यांचं आहे. तेव्हा शेजारच्या दोन-तीन घरांतल्या तरण्या पोरांचे नंबर हवेत, हातांची दणकट खुर्ची हवी, आणि रस्त्यावर बॅटरी घेऊन उभं राहायला एक माणूस हवा. वाडीतल्या भजनाला, पालखीला तुम्ही जाता की नाही, हे इथे कामाला येतं. गेट बंद करून राहणाऱ्यांनाही लोक मदत करतातच, पण गेट उघडायला वेळ जातो.

रुग्णवाहिका लांब असेल तर वाट पाहत बसू नका, वाडीतली रिक्षा किंवा ओम्नी सांगा. आमचा रिक्षावाला तर इंजिन चालू करायच्या आधी फोन लावतो. ‘काका, डॉक्टर जाग्यावर आहेत काय ते बघू, मगच वळवतो.’ हे शहाणपण सोन्याच्या मोलाचं आहे. कोकणात डॉक्टर तालुक्याला बैठकीला गेलेला असू शकतो, रात्रीची पाळी दुसऱ्याची असू शकते. आधी फोन, मग गाडी.

छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, डावा हात किंवा जबडा भरून आला असेल तर थेट कराड-कोल्हापूर धरू नका. जवळच्या ज्या ठिकाणी ईसीजी निघतो आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन मिळतं, तिथे आधी जा. ते मिळाल्यावर पुढे अँजिओग्राफीला हलवता येतं. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात हे इंजेक्शन असतं का, हे एका सकाळी केसपेपर काढायच्या निमित्ताने जाऊन विचारा. ॲस्पिरिनची गोळी घरात असावी. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर डॉक्टरला विचारून ती चावून खायला देतात. पण तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात पडला, तर ती गोळी अजिबात नको. तो लकवा असतो. त्यात गाठ आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि गाठ असेल तर औषधाची वेळ साडेचार तासांची. म्हणजे सीटी नाही अशा ठिकाणी सलाईन लावून बसणं परवडत नाही. त्रास किती वाजता सुरू झाला ते घड्याळात बघून लक्षात ठेवा. डॉक्टरचा पहिला प्रश्न तोच असतो.

साप आणि विंचू. शहरातून आलेल्यांची सगळ्यात मोठी धास्ती हीच, आणि सगळ्यात कमी खर्चात निभावणारं दुखणंही हेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कातळावर, काजूच्या बागेत फुरसं फार. आमच्या शेजारच्या तात्यांना बागेत पाला गोळा करताना चावलं. पाय न हलवता खुर्चीवरून वर आणले, आरोग्य केंद्रात लस सुरू झाली आणि मग पुढे हलवले. औषधाला एक पैसा लागला नाही. वर दोरी बांधणं, ब्लेडने चिरणं, मांत्रिकाकडे नेणं यातलं काही करायचं नाही. पाय स्थिर ठेवायचा, अंगठ्या-पैंजण काढायचे, निघायचं. मण्यारीचं एक लक्षात ठेवा: ती रात्री झोपेत चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. सकाळी पापण्या जड झाल्या, पोटात दुखू लागलं तर शंका घ्या. जमिनीवर अंथरूण घालायची हौस असेल तर मच्छरदाणी खोचून झोपा.

लाल विंचवाचा दंश हृदयावर जातो. अंगाला घाम, उलटी, हातपाय गार पडले की निघायचं. प्राझोसिनची साधी गोळी यावर चालते हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रापासून सुरू केलेल्या कामातून जगाला दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वस्त औषध, पण वेळेवर मिळायला हवं. भातलावणीनंतरच्या तापालाही हलकं घेऊ नका. चिखलात काम केलंय, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल आहेत, तर तो लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप, असू शकतो. दोडामार्ग-बांद्याकडे काजूबागेत गोचीड चावून येणारा माकडताप २०१६ पासून आहे. तिकडच्यांनी तापात माकड मेल्याची बातमीही डॉक्टरला सांगायची.

आता पैसा, ज्यावर खरी झोप उडते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शहरी माणसाला सरकारी दवाखान्याची उगाच भीती असते. पहिला उपचार तिथे, मग गरज पडल्यास खासगीत, हा क्रम खिशालाही बरा आणि पेशंटलाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. ती पूर्वी केशरी-पिवळ्या कार्डापुरती होती, २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आहे. पण ती ठराविक शस्त्रक्रिया-उपचारांसाठी आणि योजनेतल्याच हॉस्पिटलात. दारात गेल्यावर ‘आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) कुठे बसतात?’ हा पहिला प्रश्न. घरी बसून चौकशी १५५३८८ वर करता येते. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न न बघता मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आधार घेऊन जा आणि काढून टाका. रेशनकार्ड पुण्याच्या कपाटात ठेवून इथे राहणारे बरेच भेटतात, ते उचलून आणा.

खासगी मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून तीन ओळी वाचा. एक, ‘हॉस्पिटल’ची व्याख्या: नोंदणी नसेल तर दहा लाखांच्या आतल्या गावात किमान दहा खाटा लागतात. आपल्या तालुक्यातली काही चांगली छोटी नर्सिंग होम त्यात बसतात की नाही, ते आताच विचारा. दोन, झोन: काही पॉलिसींत छोट्या गावाचा हप्ता कमी असतो, पण मुंबईत दाखल झालात की बिलाचा ठराविक हिस्सा तुमच्या गळ्यात येतो. पत्ता बदललात तर हे विचारल्याशिवाय बदलू नका. तीन, खोलीच्या भाड्याची मर्यादा: वरच्या वर्गाची खोली घेतली की फक्त खोलीचं नाही, डॉक्टरांच्या फीसकट बाकीचंही त्याच प्रमाणात कापतात.

रोख घरात ठेवा. वीज गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की फोनवरचे पैसे कागदावरच राहतात. एका खासगी हॉस्पिटलात आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना काउंटरवर ‘आधी अनामत, मग बेड’ असं ऐकवलं होतं. अपघातग्रस्ताला प्रथम उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय, आणि राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक भिंतीवर लावावं लागतं. भांडू नका, ते दरपत्रक दाखवायला सांगा. आवाज लगेच मऊ होतो. रस्त्यावरच्या वाहन-अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे विनारोकड उपचार. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत राखून असतात. घरकामाच्या बाई, बागेतला गडी यांना हे सांगून ठेवा, त्यांना कुणी सांगत नाही.

प्रत्येक औषधाची चिठ्ठी, पावती, रिपोर्ट एका पिशवीत टाकत जा. डिस्चार्जच्या आधी बिल तपशीलवार मागा. न दिलेल्या इंजेक्शनची ओळ त्यात निघालेली मी पाहिली आहे. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख आणि औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे जनऔषधी केंद्रातून तीच गोळी स्वस्तात घेता येते. आणि १०८ घरी परत सोडत नाही, तेव्हा परतीच्या गाडीचं भाडं हॉस्पिटलच्या दारात नाही, वाडीतूनच फोनवर ठरवून घ्या. दारातला दर वेगळा असतो.