क्लेम विभागात नव्याने आलात? मग परीक्षेच्या पुढचा अभ्यास

क्लेम विभागात रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं, "लायसेन्शिएट उरकून टाक." सल्ला रास्त आहे. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या (स्थापना १९५५) लायसेन्शिएट, असोशिएट आणि फेलो या तीन पायऱ्यांना आपल्या क्षेत्रात मान आहे. बढतीच्या वेळी त्यांची विचारणा होते, काही कंपन्यांत त्यावर पैसेही मिळतात. पण मोटार, आग आणि आरोग्य अशा तिन्ही टेबलांवर बसल्यावर माझं मत असं झालंय की क्लेमच्या माणसाचा खरा अभ्यास या परीक्षांच्या पलीकडे आहे. परीक्षा तुम्हाला नियम शिकवते. तो नियम कोणत्या तारखेपासून लागू आहे, हे मात्र फाइल विचारते.

आधी परीक्षांचं थोडक्यात. आयसी-०१ मध्ये विम्याची तत्त्वं आहेत आणि आयसी-११ मध्ये सर्वसाधारण विम्याचं प्रत्यक्ष कामकाज. हे दोन पेपर घाईत देऊ नका. पुढची वीस वर्षं तुम्ही त्यांच्यावरच उभे राहणार आहात. निकटतम कारण (नुकसानाचं खरं, मुख्य कारण), नुकसानभरपाईचं तत्त्व (झालं तेवढंच भरून द्यायचं), सबरोगेशन (भरपाई दिल्यावर दोषी माणसाकडून वसुलीचा हक्क कंपनीकडे येणं), काँट्रिब्युशन (एकाच गोष्टीचे दोन विमे असतील तर भरपाई वाटून घेणं) या गोष्टी मंत्रालयाच्या किंवा विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) एखाद्या परिपत्रकाने बदलत नाहीत. पुढचे विषय निवडताना बरेच जण सोपा कुठला, एवढंच बघतात. त्यापेक्षा ज्या टेबलावर बसता तो विषय घ्या : मोटारला आयसी-७२, आगीला आयसी-५७, सागरी विम्याला आयसी-६७. दिवसभर ज्या फाइली हातात असतात त्यांचाच विषय रात्री वाचला की निम्मा अभ्यास आपोआप होतो. सोपा पेपर देऊन मिळालेली पायरी कागदावर तेवढीच उंच दिसते, हे मान्य. पण मोटारच्या टेबलावर बसून भलत्याच विषयात पहिला आलेला सहकारी घसाऱ्याचा तक्ता (जुन्या भागांच्या किमतीतून किती टक्के कापायचे तो) दुसऱ्याला विचारताना मी पाहिलेला आहे.

तो तक्ता एकदाच पाठ करून टाका. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांना ५० टक्के, फायबरला ३० टक्के, काचेला शून्य, आणि धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरायचं. अशा गोष्टी वर्षानुवर्षं तशाच असतात.

तारखेचा रकाना

आता मुख्य मुद्दा. क्लेमच्या फाइली दीर्घायुषी असतात. अपघात न्यायाधिकरणातली फाइल सहा-सात वर्षं सहज चालते. त्यामुळे आपल्या कामात जुना नियम कधीच रद्दीत जात नाही. नवा आणि जुना दोन्ही एकाच वेळी टेबलावर असतात. माझ्या वहीत म्हणून तीन रकाने आहेत : आधी काय होतं, आता काय आहे, कधीपासून. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती नोंद मी धरतच नाही.

उदाहरणंच देतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधीच्या अपघाताच्या एफआयआरमध्ये निष्काळजीपणे गाडी चालवल्याचं कलम २७९ आणि निष्काळजीपणामुळे मृत्यूचं ३०४-अ दिसेल. नंतरच्या एफआयआरमध्ये तेच अनुक्रमे २८१ आणि १०६ आहे. सीसीटीव्हीचं चित्रण पुरावा म्हणून द्यायचं तर आधी पुरावा कायद्याच्या ६५-ब खालचं प्रमाणपत्र लागायचं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं लागतं. तपासनीसाच्या अहवालावर सही करण्याआधी हे आकडे तपासले नाहीत तर समोरचा वकील तपासतो.

किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा जुना वाद घ्या. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्या माणसाने ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवलं तर वेगळी परवानगी लागते का? कित्येक वर्षं यावर कंपन्या हरकत घेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लागत नाही असं सांगितलं, मग तो प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पहिलंच मत कायम केलं. मधल्या सात वर्षांत ज्यांनी फक्त "असा निकाल आहे" एवढंच लिहून ठेवलं, त्यांचा गोंधळ उडाला. प्रकरण कुठवर पोचलंय हेही ज्यांच्याकडे टिपलेलं होतं, त्यांना रिझर्व्ह (दाव्यापोटी बाजूला ठेवायची रक्कम) ठेवताना अंदाज होता.

थर्ड पार्टीच्या (गाडीमुळे दुसऱ्या कोणाला झालेल्या इजेच्या किंवा मृत्यूच्या दाव्यांच्या) टेबलावर आलात तर एक गणित हाताने करायला शिका. सॉफ्टवेअर आहे, तरीही हाताने. समजा मृत व्यक्ती ३० वर्षांची, स्वतःचा व्यवसाय, महिना २०,००० उत्पन्न, अवलंबून असलेले तिघे. वार्षिक २,४०,०००. त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की ३,३६,०००. स्वतःच्या खर्चाचा एक-तृतीयांश वजा, राहिले २,२४,०००. या वयाचा गुणक (किती वर्षांचं उत्पन्न धरायचं तो आकडा) १७. म्हणजे ३८,०८,०००. गुणक आणि वजावट आली 'सरला वर्मा' निकालातून, २००९. चाळीस टक्के आले 'प्रणय सेठी'तून, २०१७. त्याच निकालात सहवास गमावल्याचे ४०,००० आणि अंत्यसंस्कार व मालमत्तेची हानी यांचे प्रत्येकी १५,००० आहेत, पण दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ धरायची असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे हा आकडासुद्धा तारीख विचारूनच लिहायचा. शिवाय न्यायाधिकरणात अर्ज करायची सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याआधीच्या अपघाताला ती लावून हरकत घ्यायचा मोह आवरा.

आगीच्या विम्यातही तेच. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा, एका ठिकाणच्या ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि ५ ते ५० कोटींसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा अशा पॉलिसी आल्या. पुस्तकात शिकलेला अ‍ॅव्हरेजचा नियम (विमा जितका कमी, भरपाई त्या प्रमाणात कमी) तिथे जसाच्या तसा चालत नाही. मालाची किंमत १ कोटी, विमा ८८ लाखांचा, नुकसान १० लाखांचं. जुन्या हिशेबाने ८.८० लाख. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा धरायचाच नाही, म्हणून एक्सेस (ग्राहकाने स्वतः सोसायचा वाटा) वजा करण्याआधी पुरे १० लाख. गृह रक्षामध्ये तर कमी विम्याची कपातच नाही. पाठांतर उत्तम असलेला माणूस इथे हमखास १.२० लाख कापतो, कारण त्याचं पाठांतर उत्तम असतं.

आरोग्य विमा : वेळच नसतो

आरोग्याच्या टेबलावर अडचण वेगळी आहे. नियामकाच्या मे २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. रुग्ण कपडे बदलून बसलाय, नातेवाईक बिलिंगच्या खिडकीपाशी उभे आहेत आणि तुम्ही शस्त्रक्रियेचं नाव शोधताय, असं चालत नाही. म्हणून इथला अभ्यास आधीच झालेला असावा लागतो. डिस्चार्ज समरी आणि इनडोअर केस पेपर (दाखल असतानाच्या रोजच्या नोंदी) यांत काय जुळायला हवं, आयसीडी-१० चे (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे) कोड कसे बघायचे, नेहमीच्या दहा-पंधरा शस्त्रक्रियांना साधारण किती दिवस दाखल राहावं लागतं, हे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसालाही वर्षभरात येतं. त्यासाठी पॅनेलवरच्या डॉक्टरांना प्रश्न विचारत राहायचं. "मंजूर करू का" असं विचारू नका. "तुम्ही मंजूर का केलंत" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळतं.

इथेही तारखा आहेतच. आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा (त्यांना विमा लागू होईपर्यंतचा काळ) जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आली. मोरॅटोरियम आठ वर्षांवरून पाचवर, म्हणजे सलग ६० महिने झाल्यावर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. आणि कुठलाही आरोग्य दावा नाकारायचा तर तो कंपनीच्या तीन सदस्यीय क्लेम्स रिव्ह्यू समितीच्या मंजुरीशिवाय नाकारायचा नाही. ही समिती तुमची टिपणी वाचते, त्यामुळे टिपणी लिहिणं हासुद्धा अभ्यासाचाच विषय झालाय. नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम, त्यातला नेमका शब्द आणि फाइलमधला तो कागद, या तीन गोष्टी असाव्यात. जीवन विम्यात असाल तर विमा कायद्याचं कलम ४५ आणि त्यातली तीन वर्षांची मर्यादा (त्यानंतर पॉलिसीला आव्हान देता येत नाही) आधी वाचा, बाकी सगळं नंतर.

फुकटचं पाठ्यपुस्तक

विमा लोकपालांचे, म्हणजे ग्राहकांच्या विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांचे, निवाडे. यांच्याइतकं उपयोगी वाचन मला दुसरं सापडलेलं नाही. लोकपालांसमोर ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी येतात, निवाडे लहान असतात, भाषा सरळ असते. वाचताना कंपनी कुठल्या वाक्यावर हरली ते शोधायचं. बहुतेकदा ती तत्त्वावर हरत नाही; कळवायला उशीर झाला एवढंच धरून बसली म्हणून हरते. खरा दावा केवळ उशिराच्या कारणाने यांत्रिकपणे नाकारू नका, असं नियामकाने सप्टेंबर २०११ मध्येच सांगून ठेवलंय. वाहनचोरीत पोलिसांत लगेच तक्रार केली असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून दावा जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये म्हटलं. तरी अशी पत्रं जातातच. आठवड्याला दोन निवाडे वाचले तरी वर्षभरात तुमच्या हातून अशी पत्रं जायची थांबतात.

वेबिनारबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कॅमेरा बंद ठेवून तासभर हजेरी लावली की प्रमाणपत्र येतं, आणि प्रोफाइलवर त्याची रांग लागते. एखादा वेबिनार खरोखर चांगला असतो. तो ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे वक्ता चालू फाइलीतले आकडे दाखवतो की नुसत्या व्याख्या. त्यापेक्षा सर्व्हेअरबरोबर (नुकसान पाहून त्याचा अंदाज बांधणारा) एक दिवस मागून घ्या. गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावर इस्टिमेटमधला कुठला भाग या धडकेचा आणि कुठला जुना, हे डोळ्यांना कळायला लागतं. आता इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, त्यात हे आणखी गरजेचं आहे. बॅटरी पॅकच इतका महाग की तो बदलायचा की दुरुस्त करायचा यावरच टोटल लॉसचा निर्णय फिरतो.

कंपनी पाठवत असेल तर पुण्याच्या नॅशनल इन्शुरन्स अकादमीतले क्लेमचे वर्ग सोडू नका. वर्गाइतकंच दुसऱ्या कंपन्यांच्या लोकांशी झालेलं बोलणं उपयोगी पडतं. इंजिनीअर किंवा सीए असाल आणि नोकरीपेक्षा मैदानावर रमत असाल, तर सर्व्हेअर व्हायचा रस्ताही आहे. त्यात अनुभवी सर्व्हेअरच्या हाताखाली प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि त्या व्यवसायाची आयआयआयएसएलए ही संस्था हैदराबादला आहे. मोठ्या औद्योगिक नुकसानीत शिरायचं असेल तर लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ लॉस अ‍ॅडजस्टर्सच्या परीक्षा बघा, पण पाच वर्षं काम झाल्यावर.

एक गोष्ट साहेबांना मागायला लाजू नका : टेबल बदलणं. दोन-अडीच वर्षं झाली की आपण होऊन लेखी अर्ज द्या. एकाच टेबलावर तरबेज झालेल्या माणसाला कोणी आपणहून हलवत नाही, कारण त्याच्यामुळे सगळ्यांचं काम सुरळीत चाललेलं असतं. अर्ज मार्चअखेरच्या गर्दीत देऊ नका. एप्रिल संपता संपता द्या, आणि तुमच्या जागी येणाऱ्याला ती तीन रकान्यांची वही झेरॉक्स करून देण्याची तयारी आहे असंही त्यात लिहा. अर्ज मंजूर व्हायला त्याने बरीच मदत होते.